शाप मागे घ्यायला मावशी एसटीने निघाली

वर्ध्याला जायला मला कधी निमित्त लागत नाही, पण या मार्गशीर्षात निमित्तच फोन करून आलं. बोरगाव मेघेहून मावशी बोलत होती. "गावच्या सप्ताहात काल्याच्या दह्याची पाळी यंदा आपल्या घराची हाय. डबा मले एकटीले उचलत नाई. येजो."

मी चाटच पडले. काका गेल्यावर मावशी मुलाकडे बोरगावला राहायला आली. शेत अजून तीच मजूर लावून करते. शेतावर जाते, पण गावात चार-पाच वर्षं तिने पाऊल टाकलेलं नाही. कारण वसंता. हा तिच्या धुऱ्याचा शेजारी, म्हणजे दोघांच्या शेतांना एकच बांध. त्या बांधावरून वाद झाला आणि रागाच्या भरात त्याने तिची कापून रचलेली सोयाबीनची अख्खी गंजी पेटवून दिली. दुसऱ्या दिवशी स्वतःच पंचांसमोर कबूल झाला, नुकसानही भरून दिलं. पण मावशीच्या मनाची जखम भरून आली नाही ती नाहीच.

मला विचाराल तर मी मावशीच्याच बाजूची. करावे तसे भरावे हा माझा लाडका नियम आहे. म्हणून यंदा परतीच्या पावसात वीज पडून वसंताचीच गंजी जळाली हे कळल्यावर मी नागपुरात बसून टाळी वाजवली होती. खोटं कशाला बोलू?

आता प्रवासाचं. नागपूर-वर्धा एसटीने दोन तास धरून चाला, बायकांना अर्धं तिकीट. वर्धा स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. रस्सा मागाल तेवढा देतात आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारत नाही. बोरगावला पोचले तर मावशीने दुधाच्या मोठ्या डब्याला विरजण लावून तो गोधडीत गुंडाळून ठेवलेला, वर एक स्वेटर. वर्ध्याच्या थंडीत दही रुसतं म्हणे. घरात सगळ्यांत गरम कपडे त्या डब्याच्या अंगावर होते.

सकाळी पुलगावची गाडी धरली. ही गाडी सकाळीच धरा, नंतर उभ्याने जावं लागतं. डबा बघून कंडक्टरने कपाळाला हात लावला.

"माय, काय हाय त्यात?"

"देवाचं दही."

"देवाचं असो का सायबाचं, सांडलं त गाडी तुम्हीच धुजा."

देवळीपर्यंत मी डबा दोन्ही पायांमध्ये धरून बसले होते. बाहेर कापूस फुटलेला, वेचणीच्या बायका ओट्या भरभरून चाललेल्या, तूर शेंगांनी वाकलेली. हा मुलूख बघायचा तर याच दिवसांत बघा. मी मजेत होते. मावशी मात्र खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"मावशी, देवानं न्याय केला ना? मग तोंड कशाला पाडून बसलीस?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माही गंजी जळाली तवा मीनं शाप देल्ला होता. म्हटलं, देवा, याचीबी अशीच जळू दे. देवानं ऐकलं."

"बरंच झालं की!"

"काय बरं झालं वो? मले भेव वाटून राह्यलं. त्याच्या घरी दोन लेकरं हायेत. रागात मीनं आणखी काय काय म्हटलं होतं, तुले काय सांगू. तेबी ऐकलं असन त?"

देव ऐकत नाही ही तक्रार मी खूप ऐकली होती. तो ऐकतो म्हणून घाबरलेली बाई पहिल्यांदाच पाहिली.

पुलगावला उतरून ऑटो केला. माणशी वीस रुपये, पण आधी ठरवून घ्या, डब्याचंही तिकीट मागतात. नाचणगाव मागे टाकून थोडं पुढे गेलं की मावशीचं गाव. तिथला नियम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काल्याला लाह्या, पोहे, चिवडा घराघरांतून येतं, पण दही एकाच घरचं, पाळीने. ज्या घरचं दही त्या घरच्या बाईने काला कालवायचा आणि पहिला घास रांगेतल्या पहिल्याच्या तोंडात घालायचा. त्याने शेजारच्याच्या तोंडात, शेजारच्याने पुढच्याच्या. भांडण असो, अबोला असो, शेजारी जो येईल त्याला आपल्या हाताने भरवायचं. मांडवातलं कुणी राहिलं तर काला मोडला म्हणतात. त्यामुळे भांडलेले लोक रांगेत हळूच जागा बदलतात, ही पळवाट सगळ्यांना माहीत आहे.

मांडवात महाराजांचं काल्याचं कीर्तन रंगलं होतं. बाळकृष्णाला विष पाजायला आलेल्या राक्षसिणीची गोष्ट. "मारायला आली होती, पण जवळ घेतलं ना! तेवढ्यावर देवानं तिला आईची गती दिली. आता तुमचाआमचा हिशोब तो कसा करील?" बायांनी डोळ्यांना पदर लावले. मावशी परातीत हात घालून तशीच बसलेली.

मग घास निघाला. हसत, गुदगुल्या होत, दह्याने मिशा माखत रांग शेवटाला पोचली. "गोपालकृष्ण महाराज की..." असं म्हणायला महाराजांनी हात वर केला, तोच मावशी उभी राहिली.

"थांबा! एक तोंड राह्यलं."

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मावशी पाहत होती ती मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ. तिथे एक माणूस लोकांच्या चपला जोडीजोडीने लावत होता. मी ओळखलं नाही. शेजारची बाई कुजबुजली, "वसंता. गंजी जाळली तवापासून दरसाल तथीच बसते. आत येतच नाई."

मावशी परात कमरेवर घेऊन अनवाणी बाहेर गेली. मी मागे धावले. वसंता तिला बघून उठला आणि दोन पावलं मागे सरला.

"वहिनी, नका. मी लायक नाई वो."

"लायकी पाहून देत असता त देवानं मलेबी देल्लं नसतं. तोंड उघड."

त्याने ओठ घट्ट मिटलेले. मावशीचा घास धरलेला हात खाली आला नाही. शेवटी त्याने तोंड उघडलं, लहान मुलासारखं, डोळे मिटून.

आता नियम काय सांगतो? घेतलेल्याने शेजारच्याला भरवायचं. आणि चपलांजवळ त्याच्या शेजारी दुसरं होतं कोण? मावशी सरळ त्या चपलांत बसली.

"दे आता. मीनं तुले शाप देल्ला होता वसंता. तुही गंजी जळाली ना, ते मीनं मांगतलं होतं. माफ कर मले."

"वहिनी, वीज व्हती ते..."

"वीज कोनाची? दे म्हटलं ना घास!"

त्याने परातीत हात घातला. अर्धा काला मावशीच्या हनुवटीवर, अर्धा तोंडात. आणि मांडवातून असा जयजयकार उठला की झाडावरचे बगळे उडाले! मृदंग कडाडला. टाळकऱ्यांनी वसंताला दंडाला धरून ओढत आत नेलं आणि पावली सुरू झाली. मावशीने माझा हात धरून फुगडीच घातली. मी रडत होते आणि जय म्हणून ओरडतही होते, घसा पार बसला. इतका आनंद मला कुठल्या डोंगरमाथ्यावर झाला नाही, आणि मी डोंगर बरेच चढले आहे.

नंतर पंगत. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. वसंता वाढत होता. मावशीच्या पानात त्याने बुंदी इतकी घातली की ती ओरडली, "मारतं का आता गोड घालून?" सगळी पंगत हसली, तोही हसला.

नागपूरला परतून आता बरेच दिवस झाले. करावे तसे भरावे हे मी अजून मानते. वसंताने केलं, त्याने भरलं. पण भरलं की संपलं असं मी समजत होते, आणि भरून झाल्यावरही तो माणूस चपलांजवळच बसून होता. तिथून त्याला उठवणारा नियम माझ्याजवळ नव्हता. मावशीला तो त्या घासात सापडला आणि तिने तो स्वतःलाही लावला, याचं मला फार कौतुक वाटतं.

परवा तिचा फोन आला. तूर कापून झाली. त्या आगीनंतर तिने शेतात गंजी लावलीच नव्हती. माल कापला की ट्रॅक्टरने थेट दुसऱ्याच्या खळ्यावर न्यायची. यंदा लावली म्हणाली, धुऱ्याजवळच.

"अगं, मग राखणीला कोण?"

"वसंता," मावशी म्हणाली. "मीनंच सांगतलं त्याले."