जातो म्हण, आलो म्हण

"जातो म्हण, आलो म्हण. मधलं मला नको." हे त्याचं पालुपद. बोलताना मोबाइलची काच शर्टाला पुसत राहायचा, जणू पलीकडचा माणूस त्यामुळे नीट दिसणार होता.

आमच्या पालघरच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात तो फिरतीवरचा कार्यकर्ता होता. बोईसर-सालवडच्या भाड्याच्या खोल्यांत सुट्टीला काही पुरुष जमत, नशा करून संबंध ठेवत. त्यांच्या ओळखी डेटिंग ॲपवरच्या. हाही त्या ॲपवरच, आपलं काम उघड सांगून, बसलेला असे. तपासणी, कंडोम, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या, सगळं चॅटवर सांगे. उपदेश तेवढा नाही.

मध्यंतरी वरिष्ठांनी या लोकांसाठी खास ॲप काढलं. उद्घाटनाला समई, शाल, नारळ आणि न संपणारी भाषणं. ॲपचं चिन्ह लांबूनही ओळखू येई. "चार जणांच्या खोलीत असलं मोबाइलवर ठेवील कोण, साहेब?" हा मला म्हणाला.

त्याची पद्धत दोन शब्दांची. पार्टीला निघताना 'जातो', परतल्यावर 'आलो'. बिहारचे कामगारही हे मराठीतच लिहीत. 'आलो' आलं नाही तर फोन. उचलला नाही तर हा स्वतः दारात.

एकानं चिडून लिहिलं, "तू मेरी बीवी है क्या?"

यानं कळवलं, "बीवी पूछेगी कहाँ था. मैं नहीं पूछता."

"कुठून लागली ही सवय?" मी विचारलं.

"दातिवऱ्याला आमची आय दर्यातनं येणारी होडी दिसेस्तोवर कालवण उतरवत नाय. करपलं तर करपलं. आमी करपलेलंच खाऊन वाढलो."

एका सोमवारी सकाळी सालवडच्या एकाचं 'आलो' आलं नव्हतं. फोन बंद. हा स्कूटरवर निघाला. उमरोळीच्या पुढे टँकरनं त्याला उडवलं; जागीच गेला. सालवडचा तो माणूस खोलीवर सुखरूप झोपला होता; मोबाइलची बॅटरी उतरली होती.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्याकडचा केंद्राचा मोबाइल परत आणायला मी दातिवऱ्याला गेलो. त्याच्या आईनं तो चार्ज करून ठेवला होता. तडकलेली काच पदरानं पुसून तिनं पुढे धरली. बातमी न पोचलेले अजून लिहीत होते.

"काय लिवलंय?"

"आलो, असं लिहिलंय."

मोबाइल पुन्हा वाजला. "आन् हा?" तिनं विचारलं.

"हाही आला, मावशी."

तिनं मान हलवली. चुलीवरचं कालवण करपत होतं. तिनं ते उतरवलं नाही.