झुगारला नाही, निवडला

लोणारच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते, नवसाच्या बोकडाविरुद्धची, आणि विलासचा फोन आला. विलास माझा मावसभाऊ. "ताई, आई गेली," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "काका म्हणून राह्यले, सगळं रीतीनं करायचं. पिंड, कावळा, सगळं." खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले तरी क्रम तोच आहे, आधी राग, मग रडू... माझ्या कौसामावशीने आयुष्यात एक मोठा निर्णय एकटीने घेतला होता. तिने डोळे मिटताच तो तिच्या हातातून काढून घ्यायला माणसं निघाली होती.

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मावशी हंगामभर कापूस निवडायची. ढिगातून कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून बाजूला काढायचा. शेजारी बसणाऱ्या एका बाईकडून तिने महानुभाव पंथाबद्दल ऐकलं, आश्रमात जाऊ लागली, पाठ वाचता यावा म्हणून पस्तिशीत अक्षरं शिकली, आणि एका सकाळी उपदेश घेऊन घरी आली. उपदेश घेतला की एकच परमेश्वर. नवस नाही, बोकड नाही, दुसऱ्या कुठल्या देवापुढे हात जोडणं नाही. नवरा आधीच वारलेला. घरात शब्द चालायचा दिराचा, शामरावकाकांचा, आणि शेतातल्या देवीला दर तीन वर्षांनी बोकड हा त्या घरचा नेम. काकांनी विचारलं, "कोनाले इचारून घेतला उपदेश?" मावशी म्हणाली, "कोनालेच नाई, भाऊजी. इचारून घेतला असता तं तो तुमचा झाला असता."

त्याच वर्षी बोकडाची पाळी होती, आणि त्याच वर्षी विलासला कावीळ झाली. मग काय, सगळ्या गल्लीला कारण सापडलं. देवी कोपली. काकांनी भगत आणायची भाषा केली. मावशीने पोराला उचललं, सरकारी दवाखान्यात नेलं आणि खाटेशेजारी बसून राहिली, ओठ सारखे हलत, नामस्मरण चालू. एक शेजारीण भेटायला म्हणून आली नि म्हणाली, "अन् पोट्टं गेलं तं वं, कौसे?" मावशीने तिच्याकडे बघितलं. "गेलं तं याच्याच पायाशी रडीन. दुसऱ्या दारी नाई जाणार." विलास बरा झाला. देवी कोपली म्हणणाऱ्यांपैकी एकही माणूस चुकलो म्हणायला आला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. मावशी मात्र माझा देव मोठा म्हणत गल्लीत फिरली नाही. "राखलं त्यानं," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

मी कॉलेजात अंधश्रद्धाविरोधी चळवळीत शिरले तेव्हा ही गोष्ट मला आयती मिळाली. मी झोकात पत्रक लिहिलं, 'जिनिंगमधल्या एका कामगार बाईने देव झुगारला'. गठ्ठा घेऊन मावशीकडे गेले, शाबासकी मिळेल म्हणून. तिने चष्मा लावला, बोट ठेवत एकेक शब्द वाचला.

"हे कोन्या बाईचं हाय?"

"तुझंच, मावशी."

"मंग खोटं काऊन लिवलं, पोट्टे? म्या कई झुगारला देव? म्या निवडला." आणि मग, "तुले कापूस अन् कवडी कळत नाई. लय शिकली तू."

पेन हातात देऊन तिने मला समोर बसवलं. प्रत्येक कागदावरचा 'झुगारला' खोडायचा, वर 'निवडला' लिहायचं. मी म्हटलं, निदान निम्मे तू कर. तर म्हणे, "चूक तुही, अक्षर तुहं. माह्यं अक्षर तसंही कोंबडीचं हाय." खोडता खोडता मी चिडून विचारलं, देव राखतो म्हणतेस, मग तुझ्या नवऱ्याला का नाही राखलं? तिने पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "राखते म्हंजे मरू देत नाई, असं तुले कोनं सांगतलं? त्याईच्या मांगं मी एकटी पडली नाई. हेच राखनं." मी तिच्या देवाला मानत नाही. पण या उत्तराला माझ्या कुठल्याच पत्रकात उत्तर नाही, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतो.

तर ती गेली त्या दिवशी मी खामगावला पोचले ते भाषण तयार करूनच. ओसरीवर काका बसले होते. मी तोंड उघडलं तोच विलास म्हणाला, "ताई, तू थांब. हे माह्यं हाय." मग काकांना म्हणाला, "आई सांगून गेली. पिंड नाई, कावळा नाई. आश्रमातले येतीन, पाठ होईन."

"लोक काय म्हनतीन बे? जीव लटकला तिचा, म्हनतीन."

"जित्तेपनी तिचं आयकलं नाई, काका. आता तं आयका."

काका उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. पण दहाव्या दिवशी पाठाला ते आले, सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले. आश्रमातल्या बाबांनी हात जोडून 'दंडवत प्रणाम' केला, या पंथातला रामराम तो. काकांनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटले, "दंडवत." मावशीच्या हयातीत त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

पाठ उरकल्यावर बायांनी विलासला घेरलं, आता तू घे उपदेश, आईचं पुढे चालव. तो म्हणाला, "आईनं बजावलं होतं, माह्यासाठी घेऊ नको म्हनून. घेशीन तं तुह्यासाठी घे."

परवा मी पुन्हा गेले होते. आतल्या खोलीत, पूर्वेच्या कोपऱ्यात, मावशी पाठाला बसायची तिथे झाडलेलं होतं, आसन अंथरलेलं होतं, पोथीवरचं फडकं धुतलेलं. मी विलासकडे पाहिलं.

"रोज सकाळी टाकतो," तो म्हणाला. "बसत नाई अजून."