दोन्ही पाय मोडलेलं शिंगरू

घोडाडॉक्टर आबासाहेब एक्स-रेचा फोटो वाचत नसत. पंचांग पाहून मुहूर्त काढावा तसा त्यातून निकाल काढत. ओली फिल्म खिडकीशी धरायची, एक डोळा मिटायचा, मागे चार माणसं गोळा होऊ द्यायची आणि मगच तोंड उघडायचं. लढाईच्या काळात नगरच्या छावणीत, घोड्यांच्या दवाखान्यात ते यंत्र आलं आणि आबासाहेबांनी जनावराला हात लावणंच सोडलं. फोटो बोलतो, म्हणत. त्यांच्या तोंडून तो काय वाटेल ते बोले.

मार्थाबाईंना हा माणूस पहिल्यापासून पोकळ वाटे. पण आता गरज त्यांची होती. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या या बाई पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकल्या होत्या. घरची घोडी विताना गेली, तेव्हा तिचं शिंगरू त्यांनी रात्रीबेरात्री उठून शेळीच्या दुधावर जगवलं होतं. वर्षाचं होत आलं आणि ओढ्यात घसरून पडलं. पुढचा उजवा पाय गुडघ्याशी टम्म सुजला. शेजारच्या कारभारी टांगेवाल्यानं त्याला हळूहळू चालवत दवाखान्यात आणलं.

"मोडलाय," आबासाहेब फिल्मवर बोट आपटत म्हणाले. "गुडघ्याच्या वर ही आडवी काळी रेघ बघा. हाड आरपार तुटलंय. आजच गोळी घालून सुटका करू."

मार्थाबाईंनी फिल्म मागून घेतली आणि नीट पाहिली. रेघ गुळगुळीत होती, हलकी नागमोडी. कुठं टवका उडालेला नाही, हाड तसूभर सरकलेलं नाही.

"डॉक्टरसाहेब, वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते. ती फोटोत उमटत नाही, म्हणून तिथं काळी रेघ दिसते. जनावर मोठं झालं की ती भरून जाते. फौजेत घोडे येतात ते वाढलेले. शिंगराचा फोटो तुम्ही कधी पाहिलाय?"

"बाई, वीस वर्षं घोडे बघतोय मी!"

"घोडे बघितलेत. मी शिंगराचं विचारतेय."

कारभाऱ्याला एकदम खोकला आला.

"दुसऱ्या पायाचा फोटो काढा," बाई म्हणाल्या. "तो पाय धड आहे. तिथंही हीच रेघ दिसली तर?"

"दिसायचीच नाही!" आबासाहेब म्हणाले आणि बाईंची खोड मोडायची म्हणूनच त्यांनी दुसरा फोटो काढला.

रेघ होती. तशीच, त्याच जागी. आबासाहेबांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला. मागे माणसं उभीच होती.

"म्हणजे," ते गंभीरपणे म्हणाले, "दोन्ही पाय मोडलेत."

"आरं देवा!" कारभारी म्हणाला. "मंग सायेब, ह्ये उभं कशावर हाय?"

"घोड्याची जात आहे. सोसतं."

तेवढ्यात शिंगरू लंगडत पुढं गेलं आणि बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागलं. मार्थाबाईंनी त्याची दोरी हातात घेतली.

"न्यायचं तर न्या," आबासाहेब ओरडले, "पण माझी जबाबदारी नाही!"

"ती कधी होती?" बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

घरी त्यांनी त्याला बांधून ठेवलं आणि मिठाच्या गरम पाण्यानं पाय शेकला. मनातून धाकधूक होतीच. रोज पहाटे उठून त्या आधी गुडघा चाचपायच्या. सूज उतरली. शिंगरू कुंपणाच्या कडेनं उधळू लागलं.

मग एका बाजारच्या दिवशी कारभारी तणतणत आला.

"बाई, डाक्टर गावभर सांगत्यात, दोन्ही मोडल्याले पाय त्यांनीच जोडले म्हून! श्रीगोंद्याकडनं लोकं वासरं घिऊन यायला लागलीत. लई झालं आता. तुमी खरं काय ते सांगा की!"

"सांगू दे त्याला," मार्थाबाई म्हणाल्या. "मोडलेले पाय जोडतो म्हणून मिरवतोय ना? मग पुढच्या शिंगराला गोळी घाला म्हणायला तोंड उरलं नाही त्याला."