वरची बाई आणि पिवळ्या पट्टीवरच्या सासूबाई

चौकातले लोक तिला 'वरची बाई' म्हणायचे. तिला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. दिव्याच्या उंच खांबावर एक करडा भोंगा होता, त्याच्या शेजारी कॅमेरा, आणि त्या भोंग्यातून ती बोलायची.

"निळ्या जॅकेटवाले, हे पट्टे पायी चालणाऱ्यांसाठी आहेत. तुमची स्कूटर पायांनी चालते का? मग घ्या बरं मागे."

निळ्या जॅकेटवाला आधी डावीकडे बघायचा, मग उजवीकडे, मग थेट आभाळाकडे, आणि मुकाट्यानं मागे सरकायचा. आवाज गोड होता, पण त्या गोडीच्या आत एक सुई होती. टोचली की माणूस सुतासारखा सरळ व्हायचा.

ही वरची बाई बसायची मात्र तळघरात. वाहतूक खात्याच्या इमारतीखाली एक लांबट खोली होती. समोरची अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली आणि एसी असा, की भर उन्हाळ्यातही ती शाल पांघरून बसायची. पूर्वी ती एका मोठ्या इस्पितळात पेशंटचे नंबर पुकारायची. पुढे तिथे नंबर दाखवणारा पडदा लागला, टिंग असा आवाज व्हायला लागला आणि तिची गरज संपली. त्याच सुमारास वाहतूक खात्याला एक बोलणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत तिला विचारलं, "तुम्हाला वाहतुकीतलं काय कळतं?" ती म्हणाली, "काही नाही. पण माणसाला त्याच्या अंगाखांद्याला धक्का न लावता बाजूला कसं करायचं, ते कळतं." नोकरी पक्की झाली.

घरी तिघंच. नवरा दातांच्या कवळ्या करायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवायचा आणि स्वतः तोंड उघडायचा नाही. 'हं', 'बरं' आणि 'बघू' एवढ्या भांडवलावर त्यानं संसार रेटला होता. आणि सासूबाई. त्यांचं उभं आयुष्य धुलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेलं होतं. आता दुकान विकलं होतं, गुडघे कुरकुरत होते आणि कानांनी जवळजवळ राजीनामा दिला होता. मुलानं हौसेनं कानाचं मशीन आणलं, तर म्हणाल्या, "कानात झुरळ शिरल्यासारखं वाटतं," आणि ते कपाटात टाकलं. त्यामुळे घरात बोलणं म्हणजे ओरडणं.

"आई, भात वाढू का?"

"कोण पडलं?"

"भात! भात!"

"अगं, मग डॉक्टरला बोलवा!"

दिवसभर बोलून घसा सोलवटून घरी आलेल्या सुनेला हे झेपेना. हळूहळू तिचं सासूबाईंशी बोलणं दोनतीन शब्दांवर आलं. जेवा. गोळी. झोपा.

एके दिवशी सासूबाई चष्मा दुरुस्त करून घ्यायला चौकात गेल्या. त्या खांबाखाली उभ्या असताना डोक्यावरून खणखणीत आवाज आला, "टेम्पोवाले दादा, तुमचा हात हॉर्नला चिकटला असेल तर गरम पाण्यात बुडवा, सुटेल." सासूबाई जागच्या जागी थबकल्या. हा आवाज तर घरचा! शब्द न् शब्द कळत होता.

त्या संध्याकाळी जेवताना त्या अचानक म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला बरं झापलंस."

सून घास हातात धरून बघतच राहिली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. नवरासुद्धा चकित होऊन "हं?" म्हणाला. त्यात प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे त्याच्या मानानं ते भाषणच.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी नेमच धरला. दुपारी एक घडीचं स्टूल आणि जांभळी छत्री घेऊन त्या चौकात जायच्या आणि भोंग्याच्या बरोब्बर खाली ठाण मांडायच्या. जाहिरातीच्या फलकाची सावली तिथेच पडायची. पडद्यावर जांभळी छत्री उगवली की वरच्या बाईला गंमत वाटायची. सासूबाई कॅमेऱ्याकडे बघून हात करायच्या. कधी खूण करून सांगायच्या की येताना साबण आण. तीही मग नियमांत बसवून एखादं वाक्य त्यांच्यासाठी सोडायची. एकदा ती न राहवून म्हणाली, "छत्रीवाल्या आजी, दुपारची गोळी घेतली असेल तर हात वर करा." सासूबाईंनी हात वर केला. बसस्टॉपवरच्या तिघा म्हाताऱ्यांनीही केला. एक जण खिसे चाचपत लगबगीनं घरी गेला.

सगळं मजेत चाललं होतं, तेवढ्यात चौकात 'शहाणा' आला.

शहर वाढत होतं आणि जुने दिवे ठरलेल्या ठेक्यात लाल-हिरवे होत होते. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल म्हणजे लाल. म्हणून खात्यानं नवी यंत्रणा बसवली. कुठे गाड्या तुंबल्या आहेत, कुठे रस्ता मोकळा आहे, हे ती कॅमेऱ्यातून बघायची आणि दिवे आपल्या आपण बदलायची. पुढच्या चौकालाही कळवायची, की गर्दी निघाली आहे, तयार राहा. फुटपाथच्या कडेला पिवळी पट्टी रंगवली होती. तिथे कुणी थांबलेलं दिसलं, की याला रस्ता ओलांडायचा आहे असं समजून ती थोड्या वेळात पायी चालणाऱ्यांना हिरवा दिवा द्यायची. यंत्रणेचं खरं नाव लांबलचक होतं. तळघरातल्यांनी त्याला 'शहाणा' करून टाकलं.

शहाण्याला सांभाळायला एक तरुण इंजिनीअर आली होती. केस बारीक कापलेले, पाठीला पोतडीएवढी बॅग, आणि कामात इतकी बुडालेली, की चहात पेन बुडवून ढवळायची. वरची बाई तिला मॅडम म्हणायची आणि ती वरच्या बाईला ताई.

बाकीच्या चौकांत शहाण्यानं कमाल केली. रांगा आखडल्या, बसगाड्या वेळेवर यायला लागल्या. फक्त या एका चौकात दुपार झाली, की त्याच्या अंगात यायचं. पायी चालणाऱ्यांना हिरवा. गाड्यांना जरा सोडलं, की पुन्हा पायी चालणाऱ्यांना हिरवा. आणि ओलांडणारं कुणीच नाही! रिकाम्या पट्ट्यांसमोर चारी बाजूंनी गाड्या खोळंबलेल्या, हॉर्नचा कल्लोळ, बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ड्रायव्हर दिव्याशी भांडतोय.

"शहाणा वेडा झाला," खात्याचे साहेब म्हणाले.

इंजिनीअरनं कॅमेऱ्याची काच पुसून घेतली. कबुतरांचा संशय घेतला, मग उंदरांचा. एक वायर बदलली, मग बदललेली वायर बदलली. शहाण्याचं दुखणं काही हटेना.

वरच्या बाईच्या मात्र एका दुपारी ध्यानात आलं. पडद्यावर जांभळी छत्री होती. छत्रीखाली स्टूल, स्टुलावर सासूबाई, आणि स्टुलाचे चारही पाय पिवळ्या पट्टीवर. शहाणा वेडा नव्हता. एक म्हातारी कधीची ताटकळली आहे, असं समजून तो बिचारा पुन्हा पुन्हा तिला वाट करून देत होता. आणि म्हातारी जागची हलत नव्हती.

आता हे सांगायचं कसं? अर्ध्या शहराची वाहतूक आमच्या सासूबाईंनी अडवली आहे, असं? तिनं घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "बघू."

मग तिनं सासूबाईंनाच गाठलं.

"आई, पट्टीवर बसू नका!"

"पाटीवर?"

"पट्टी! पिवळी पट्टी!"

"कुणाची कट्टी? माझी नाही बाई कुणाशी."

तिनं कपाळाला हात लावला. सासूबाईंना ऐकू जाईल अशी एकच जागा शहरात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौक पुन्हा तुंबला. तिनं आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. माइक ओढून ती एका दमात म्हणाली, "आई, तुमच्या पाया पडते, त्या पट्टीवरून उठा! तुम्हाला रस्ता ओलांडायचाय असं दिव्याला वाटतंय. माझी नोकरी जाईल!"

चौकातले हॉर्न एकदम बंद झाले. सगळ्या माना आधी वर गेल्या, मग जांभळ्या छत्रीकडे वळल्या. 'वरच्या बाईची आई' खाली बसली आहे, ही बातमीच होती. सासूबाई सावकाश उठल्या. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी तर्जनी हलवली, 'अंहं', आणि पुन्हा बसल्या. त्याच क्षणी शहाण्यानं पायी चालणाऱ्यांना हिरवा दिला.

पाठीमागे कुणीतरी खो खो हसत होतं. ती वळली. दारात इंजिनीअर उभी होती, हातातला चहा सांडत. तिच्या मागे साहेब. ते हसत नव्हते.

"ही तुमची आई?" साहेबांनी विचारलं.

"सासू," ती म्हणाली.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे, त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जा," ते म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन समजावा."

चौकात त्या पोहोचल्या तेव्हा सासूबाईंच्या भोवती बरीच मंडळी जमली होती. फुलवाल्यानं त्यांना पाणी दिलं होतं. इंजिनीअर गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आजी, तुम्ही इथे बसलात की गाड्या थांबतात. ठाऊक आहे का?"

"न ठाऊक असायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर बसते. अगं पोरी, जन्मभर मी लोकांसाठी थांबले. दुकानात गिऱ्हाइकांसाठी, घरात ह्यांच्यासाठी. माझ्यासाठी कधी कुणी थांबलंय? आणि इथे नुसती बसले तरी बस थांबते!"

लोक हसले. इंजिनीअरही हसली. सून हसली नाही, कारण सासूबाई तिच्याकडे वळल्या होत्या आणि आता हळू आवाजात बोलत होत्या.

"आणि खरं सांगू का, इथे तुझं बोलणं ऐकू येतं. घरी नुसते ओठ हलतात तुझे. तेही हल्ली हलत नाहीत."

दिवसभर शेकडो अनोळखी माणसांना दादा, काका, मावशी म्हणून हाका मारणाऱ्या वरच्या बाईनं घरच्या माणसासाठी तीनच शब्द शिल्लक ठेवले होते. ती त्यांच्या समोर उकिडवी बसली, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई, मशीन घाला ना. मग मी बोलेन. रोज बोलेन."

सासूबाईंनी तिच्या ओठांकडे बघून सगळं टिपलं. मग धुलाईच्या दुकानातला जुना सौदेबाज जागा झाला. "घालते. पण आधी मला तुझं ऑफिस दाखवायचं."

शहाण्याचा प्रश्न त्या मानानं सोपा होता. स्टूल फुलवाल्याच्या दुकानाच्या पडवीत गेलं. भोंगा तिथूनही ऐकू यायचा, पण पट्टी लांब होती. इंजिनीअरनं शहाण्यालाही धडा दिला: दोनदा हिरवा देऊनही माणूस हललं नाही, तर ते गप्पा मारायला आलं आहे असं समज. सासूबाईंनी मुद्दाम पट्टीवर उभं राहून परीक्षा घेतली. तिसऱ्या खेपेला दिवा हिरवा झाला नाही तशा म्हणाल्या, "फुगला वाटतं," आणि पडवीत जाऊन बसल्या. दुपारची कोंडी सुटली. साहेबांनी वरच्या बाईला एक कडक तंबी दिली, की नातेवाइकांना उद्देशून घोषणा करायच्या नाहीत, आणि जाता जाता विचारलं, "आमची आईही ऐकत नाही. ते मशीन कुठे मिळतं?"

ठरल्याप्रमाणे सासूबाई तळघरात आल्या. कानात मशीन, अंगात ठेवणीतला कोट. त्या दारातच थांबल्या. एसीचा गुणगुणाट, खुर्च्यांची चाकं, कुणाचं तरी कुजबुजणं, सगळं त्यांना ऐकू येत होतं आणि त्या एकेका आवाजाकडे मान वळवून बघत होत्या.

"हे घर्र कसलं?"

"पंखा आहे, आई."

"आणि हे टकटक?"

"मॅडम टाइप करताहेत."

"केवढा आवाज करतात!" असं म्हणत त्या सुनेच्या खुर्चीवर बसल्या. भिंतीवर सगळं शहर पसरलं होतं. आपला चौक त्यांनी लगेच ओळखला. फुलवाला दिसला, बसस्टॉपवरचे म्हातारे दिसले. मग एक मोटारसायकलवाला सावकाश, इकडेतिकडे बघत, पायी चालणाऱ्यांच्या पट्ट्यांवर येऊन उभा राहिलेला दिसला.

सुनेनं त्यांच्या हाताला धरायच्या आत सासूबाईंनी माइक ओढला.

"ए लाल हेल्मेट! घरी कुणी आहे की नाही तुला सांगायला? हो मागे!"

मोटारसायकलवाला असा दचकला, की पार बसच्या मागे गेला. त्याच्याबरोबर दोन मोटारी आणि एक सायकलही उगाचच मागे सरकली. बसस्टॉपवरचे म्हातारे खांबाकडे टकमका बघू लागले. आज वरच्या बाईचा आवाज एवढा बसला कसा, ते त्यांना कळेना.

सासूबाई खुर्चीत मागे रेलल्या.

"पगार किती देतात गं याचा?" त्यांनी विचारलं.

सून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि नेहमीच्या, साध्या, घरच्या आवाजात त्यांना सगळं सांगायला लागली.