अडीनडीची गाडी

खिल्लारे बाई बसमधून उतरून शाळेत आल्या की आधी आमच्या गाड्यांत डोकावत. हिंगोलीहून आखाडा बाळापूरला आम्ही चार शिक्षक चार गाड्यांतून येत होतो. "सोळा जागा रिकाम्या हिंडवल्या तुमी. काहून?" असं त्या विचारत.

बाई विज्ञान शिकवत. एकदा त्यांनी माझ्याकडूनच आकडे मांडून घेतले. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे पाच लिटर पेट्रोल. त्याचा साडेअकरा किलो कार्बन वायू. सहा दिवसांचा एकोणसत्तर. "तुमचं वजन किती, सर?" मी म्हणालो, "सत्तर." "बराबर. दर हप्त्याला एक सर हवेत सोडून राहिले तुमी!"

मी आकडेमोड दोनदा तपासली. चूक सापडली नाही. गाडी मात्र सोडली नाही.

गाडी त्यांच्याकडेही होती. टाकी भरलेली, वर कव्हर. "अडीनडीला ठेवली," असं त्या म्हणत.

एका रविवारी सकाळी शिरड शहापूरहून भावाचा फोन आला, मायचा जीव घाबरा झाला. बाई पर्स घेऊन निघाल्या त्या थेट बसस्टँडवर. पुढच्या बसला सव्वा तास होता. त्या पोचल्या, तेव्हा माय जाऊन वीस मिनिटं झाली होती.

"धूर वाचवला अन् माय गमावली," आम्हा चौघांतले जाधव सर स्टाफरूममध्ये म्हणाले. खरं सांगायचं तर बाईंचंच चुकलं म्हणून मला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज रात्रंदिवस टोचत राहिली.

चौथ्या दिवशी शिरड शहापूरला भेटायला गेलो. बाई ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "चुकलं, सर. गाडी अशाच दिवसासाठी ठेवली व्हती. पाय सवयीनं स्टँडकडं वळले. वाटेत ध्यानात आलंच न्हाई."

"मग आता शाळेला गाडी आणाल?"

त्या म्हणाल्या, "ती चूक त्या एका दिवसाची हाय. मी ती जन्मभर सोसीन. पण तिच्या आडोशाला रोजची गाडी लपवू नका तुमी."

परतताना औंढ्याला गाडी बाजूला घेतली. पुढे जाववेना. जाधव सरांना फोन लावला.

"उद्यापासून माझ्या गाडीत येता का?"

"मला वाटेत कळमनुरीला काम असतं, सर. खोटी होईल तुमची."

"होऊ द्या," मी म्हणालो.