भिंतीपलीकडचा दोडका

केलगेरीत गेल्या उन्हाळ्यापासून एक कुजबुज मोठ्या चवीनं फिरत होती. सत्तरीच्या श्यामलाअक्का म्हणे रोज सकाळी परसातल्या भिंतीवरून शेजारच्या विधुर शेषगिरींना काहीतरी भरवतात, आणि ते चावत असताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतात! समोरच्या शुभांगीनं तर अक्कांच्या हातात वाटी पाहिली होती. खरं म्हणजे ती ताटली होती. पण शुभांगी वाटीवर ठाम.

अक्कांच्या कानावर सगळं आलं होतं. पण भांडायचं तर अंगात त्राण हवं, आणि मे महिन्यात ते सगळं परसातच संपायचं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ते भरायचं, बादलीबादलीनं वेलांना घालायचं, मग निघालेली दोडकी, काकड्या, तोंडली चिरत बसायचं. दोडक्याची भाजी झाली की शिरांची चटणी. अक्कांचे यजमान मधुकरराव "आज पण दोडकाच?" म्हणत तोंड वाकडं करायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे.

पाणी कमी पडलं की दोडका कडू होतो. म्हणून देठाकडचा काप चाखल्याशिवाय दोडका चिरायचा नाही, ही घरातली जुनी रीत. तरी गेल्या वैशाखात एक कडू दोडका भाजीत गेला आणि मधुकरराव दोन दिवस ओकत राहिले. मुलगा प्रभंजन केशवापुराहून धावत आला. "आई, पुन्हा असं झालं तर हे घर बंद. दोघांनी माझ्याकडे यायचं."

त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अक्कांना परसाचा कंटाळा आला होता खरा. पण परस सोडून कंटाळायचं तरी कुठं?

यंदा एका रविवारी प्रभंजन न सांगता आला, तो नेमका त्याच वेळी. भिंतीपाशी अक्का, पलीकडे शेषगिरींचं तोंड हलतंय.

"आई, हे काय चाललंय? शुभांगीकाकूंनी फोन केला तेव्हा मी त्यांनाच झापलं होतं!"

"अल्लप्पा, नाही रे प्रभंजना, तसं काही नाही," शेषगिरी घास कसाबसा गिळत म्हणाले. बिचाऱ्यांचे कान लालबुंद झाले होते.

"अण्णा, तुम्ही गप्प बसा," अक्का म्हणाल्या.

लोकांचं म्हणणं तसंच राहू दिलं असतं तर परस वाचला असता. पण त्यासाठी या भल्या माणसाला आणखी किती दिवस लाज आणायची? आणि खोटं बोलायचं तर ते लक्षात ठेवायचं, हे आणखी एक काम. अक्का धुणं धुवायच्या दगडावर बसल्या आणि एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

गेल्या वर्षी चैत्रात आलेल्या तापानंतर त्यांच्या जिभेची चव गेली होती. दोडका कडू आहे की नाही, हे शेषगिरी चाखून सांगत होते.