वाणासाठी वेचलेले शंख

रथसप्तमीनंतर चौथ्या दिवशी सकाळी बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यात माझ्या घरी जसोंडी गावाहून ताईचा फोन आला. "ये लवकर. हे केळीत पडलेत, उठत नाहीत." मी पोचलो तेव्हा दाजींना बाजेवर आणून ठेवलं होतं आणि ताई त्यांच्या पायांचा चिखल पुसत होती. "असं कसं रे अचानक?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. अचानक काहीच नव्हतं. मला ठाऊक होतं. दीड महिन्यानं लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, जन्मभर केळीच्या बागेत राबलेला माणूस. रागावले की हिंदीत, लाडात आले की खानदेशीत. मी शाळामास्तर, त्यात साळा, त्यामुळे माझी टर उडवणं हा त्यांचा हक्कच होता. बाग सोडून ते कधी कुठे गेले नाहीत. म्हणून संक्रांतीच्या आठवडाभर आधी "चल मास्तर, समुंदर पाहून येऊ, ताईला पण घे," म्हणाले तेव्हा मी चाटच पडलो.

कोकणातल्या एका खाडीच्या गावी दिवसभराची सहल होती. सकाळी किनाऱ्यानं चालत पक्षी पाहायचे, दुपारनंतर होडीतून कांदळवन आणि जमलं तर डॉल्फिन. गाईड म्हणून गावातल्याच एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी समुद्रगरुडाचं घरटं दाखवलं, चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दाखवले. "ये तो बेडूक है भो, मासा कसला!" दाजींनी तिथल्या तिथे निकाल दिला.

ताईचं मात्र वर लक्षच नव्हतं. ती वाकून शंख वेचत होती. "यंदा वाण ह्याचंच लुटणार. बुऱ्हाणपुरात कुणी दिलं नसेल." दरवर्षीच्या चाळण्या नि डब्यांना ती कंटाळली होती. चांगली पिशवीभर शंख झाले. जेवायला बसलो आणि ती पिशवी चालायला लागली! ताई किंचाळली. गाईडबाईंनी पिशवी वाळूवर ओतली, तर निम्म्याअधिक शंखांना पाय फुटलेले. "अहो, यात खेकडे राहतात. आणि रिकामे आहेत तेही ठेवा इथंच, अंगानं वाढले की त्यांना मोठं घर लागतं. दुसऱ्याची घरं वाटाल होय हळदीकुंकवात?" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं दाजी. "तुझं वाण पळालं की गं!" ताई जी फुगली ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. होडीतही पुढं जाऊन पाठ करून बसली.

मागच्या फळीवर दाजी नि मी. लांबवर डॉल्फिनची काळी पाठ वर आली, लोक ओरडले. दाजी तिकडे बघतच नव्हते. ताईकडे बघत म्हणाले, "इंदूरच्या डॉक्टरनं मला बायपास सांगितलंय. लगेच करा म्हणतो."

"ताईला सांगितलंत?"

"नाही. आणि तू पण बोलायचं नाही. ऑपरेशनचं काय भरोसा... नंतर तिला कोण कुंकू लावणार? रथसप्तमीपर्यंत होऊ दे तिचं हळदीकुंकू. मग जाऊ."

"दाजी, हा शुद्ध वेडेपणा आहे."

"तुला माझी शपथ आहे."

आणि मी मूर्खासारखी ती पाळली. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून दटावणारा मी! एकदा फोन उचललाही होता, ठेवून दिला. हळदीकुंकू झालं, स्टीलच्या वाट्या वाटल्या. दाजी ओसरीवर बसून धापा टाकत होते. "वजन वाढलंय यांचं," ताई म्हणाली, आणि मी मान डोलावली. ते गेले त्यानंतर तीनच दिवसांनी इंदूरला भरती व्हायचं होतं.

हे छापून येण्याआधी तिला तोंडानं सांगायला हवं, म्हणून काल जसोंडीला गेलो. सगळं सांगितलं.

"आधी केलं असतं तर वाचले असते?"

"वाचले असते बहुतेक."

"मला हळदीकुंकू काय चाटायचं होतं रे? मला माणूस पाहिजे होता. तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. आणि मी त्या दिवशी यांच्याशी अबोला धरून बसले... तुला तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही?"

मी उठलो. जसोंडीहून निघताना दाजींनी मला कधी रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. केळीची एक फणी स्वतः आणून स्कूटरच्या हुकाला अडकवायचे, नको म्हटलं तर शिव्या घालायचे. काल स्कूटर चालू केली तेवढ्यात ताई आतून आली. हातात फणी होती. तिनं ती हुकाला अडकवली, नीट बसली का ते हलवून पाहिलं.

"ही त्यांची रीत आहे म्हणून देते," ती म्हणाली. "माझ्याकडून नाही. तू एवढ्यात येऊ नको."